सुतकातल्या घरी

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की देवपूजा बंद होते. चूलही बंद होते, पण तिची सोय लगेच लागते. सोयऱ्यांकडून नाहीतर शेजारून पिठलं-भाकरीची पाटी येते आणि कडू घास म्हणून चार तुकडे घशाखाली ढकलले जातात. देवघर मात्र दहा दिवस तसंच. फुलं वाळून जातात, निरांजनातली वात काजळते, कुणी हात लावत नाही. ज्यांच्यात रीत आहे त्यांच्याकडे सुतक नसलेला कुणीतरी, दुसऱ्या भावकीतला किंवा शेजारचा, संध्याकाळी येऊन दिवा लावून जातो. ज्या घराला देवाची गरज सगळ्यांत जास्त, त्याच घराला त्याच्याकडे जायची मनाई.

शास्त्रानं याचं जे कारण दिलंय ते मला अजिबात पटत नाही. मेलेल्यामुळे जिवंत माणसं विटाळतात म्हणे. हा विचार पुढे कुठल्या वाटेनं जातो आणि विधवा बाईला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत कसा बसवतो, ते आपण पाहिलेलंच आहे. पण कारण सोडून नुसता परिणाम पाहिला तर रीत शहाणी वाटते. ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्यानं प्रार्थना करायची नाही. त्याच्या वाटची इतरांनी करायची.

आपत्तीनंतर प्रार्थनेचा उपयोग काय, या वादात हे कुणी बोलत नाही. एक बाजू म्हणते, देवाचं नाव घ्या, बळ मिळेल. दुसरी म्हणते, देव असता तर हे घडलं कशाला असतं? दोघांच्याही डोळ्यांपुढे दुःखात बुडालेला एकटा माणूस आणि त्याचा देव एवढंच चित्र असतं. अर्जदार आणि साहेब. दारात चपला काढून जे चार लोक येऊन बसलेत ते चित्रात नसतातच. माझं म्हणणं त्या चार लोकांविषयी आहे.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा आडवे झाले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं भुईसपाट झाली. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, इथे भूकंप कुठला, असाच तोवरचा समज. आदल्या वर्षी छोटे हादरे बसले होते तेव्हा लोक काही दिवस धास्तावले, बाहेर झोपले आणि मग पुन्हा घरात गेले. घरं दगड-मातीची, भिंती हातभर नव्हे तर दोन-तीन फूट जाडीच्या, वर लाकडी सरे टाकून मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार. त्या रात्री तीच माती आणि तोच दगड अंगावर आला. मग पाऊस लागला. सरणाला लाकूड कुठून आणायचं? पडलेल्या घरांचेच सरे आणि दारं-चौकटी ओढून काढल्या आणि प्रेतं एकत्र जाळली. कुणाची रीत पुरण्याची, कुणाची जाळण्याची, हे बघायला ना वेळ होता ना माणूस.

मी तेव्हा लातूरला कॉलेजात होतो. आमची पोरांची टोळी ढिगारे उपसायला म्हणून गेली, पण खरं काम लष्कराचे जवान करत होते. आमच्या वाट्याला पोती उतरवणं आणि पाण्याच्या टँकरपुढे रांग लावणं आलं. तिथे पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की सुतकाची जी रीत आहे ती इथे चालणारच नाही. एका घरात माणूस गेलं तर शेजारचा दिवा लावील. इथे सगळा गावच सुतकात. कडू घास आणायचा कुणी? दुसरी भावकी म्हणायची तर तीही ढिगाऱ्याखाली.

अशा वेळी बाहेरून माणसं आली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते एका टेम्पोबद्दल. उदगीरकडच्या कुठल्याशा गावाचं भजनी मंडळ एका संध्याकाळी आलं. टेम्पोत ज्वारीची चार पोती, फडक्यात बांधलेल्या भाकरींच्या चळती, मिरचीचा ठेचा, आणि कोपऱ्यात टाळांची पिशवी नि पखवाज. भाकरी वाटून झाल्या. मग पत्र्याच्या शेडच्या कडेला, चिखलावर पोती अंथरून त्यांनी हरिपाठ धरला.

कुणीही त्यांच्यात जाऊन बसलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला शेडमधून एक म्हातारा बाहेर आला. गळ्यात माळ होती, म्हणजे हरिपाठ त्याला तोंडपाठ असणार. तो ओरडला, ‘‘कुणाला आळवायलाव? हाय का त्यो जागेवर? बंद करा!’’ बुवांनी टाळ थांबवले. समजूत घातली नाही, देवाची लीला वगैरे काढली नाही. ‘‘बरं, बाबा,’’ म्हणाले आणि टाळ पिशवीत ठेवले. पण मंडळी उठून गेली नाहीत. तशीच बसून राहिली. मला वाटलं होतं, रुसून टेम्पोत बसतील.

बऱ्याच वेळानं एक बाई आली. तिनं विचारलं, ‘‘तुमी नावं घेताव का?’’ बुवांना आधी कळलं नाही. तिला म्हणायचं होतं की भजनात तिच्या लेकराचं नाव घ्या. हरिपाठात असली जागा नाही. पण बुवांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग मागून दुसरी आली, एक माणूस आला, मग रांगच लागली. कागद नव्हता. बुवांकडे सप्ताहाच्या देणगीचं पावतीपुस्तक होतं, त्याच्या पावत्यांच्या पाठीवर ते नावं लिहायला लागले. मी बॅटरी धरून शेजारी उभा होतो. दिवसा तिथेच तलाठ्याची यादी होत असे: मयताचं पूर्ण नाव, वय, वारसाशी नातं, मदतीसाठी. रात्री त्याच माणसांची दुसरी यादी झाली आणि तिच्यात नावं वेगळी होती. तलाठ्याकडे ज्ञानेश्वर असलेला पोरगा इथे माऊल्या होता. एका आजीचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, ती नुसती ‘आक्का’ म्हणून लिहिली गेली. ज्यांच्या घरात नाव सांगायलाही कुणी उरलं नव्हतं त्यांची नावं शेजाऱ्यांनी सांगितली. मग एक अभंग आणि चार-पाच नावं, पुन्हा एक अभंग आणि पुढची नावं, असं चाललं. तो माळकरी म्हातारा सामील झाला का? मी पाहिलं नाही. अंधार होता आणि माझी बॅटरी पावतीपुस्तकावर होती.

यातून कुणाचं दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही. ते मोजायचं कसं? मला दिसलं ते एवढंच की शोकात बुडालेल्या माणसांना शब्द शोधावे लागले नाहीत. शब्द सातशे वर्षांपूर्वीचे, तयार. म्हणणारे परके. त्यांनी द्यायचं होतं फक्त नाव, आणि ते त्यांच्याकडे होतं.

हे आपलंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. मुसलमानांत जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया मानतात: वस्तीतल्या काहींनी पढली तर सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, कुणीच पढली नाही तर सगळे दोषी. आणि ज्यू लोकांचा कद्दीश तर मला फार विलक्षण वाटतो. आईबापांच्या मागे मुलानं तो अकरा महिने म्हणायचा असतो. त्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. म्हणजे ज्याच्यावर देवानं घाव घातला त्याच्याच तोंडी देवाची स्तुती, क्रूरच म्हणायचं. पण नियम असा की एकट्यानं कद्दीश म्हणता येत नाही. किमान दहा जण हजर पाहिजेत, जुन्या पद्धतीत दहा पुरुष, आणि त्यांनी मध्ये मध्ये ‘आमेन’ म्हणायचं. दहा जमले नाहीत तर कद्दीश नाही. अलिबाग-पनवेलकडचे बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारे, यांतले बहुतेक १९४८नंतरच्या काही दशकांत इस्रायलला निघून गेले. कोकणातली सिनेगॉग उभी आहेत, पण काही ठिकाणी दहा माणसं जमवणं हेच अवघड होऊन बसलंय. बाप गेलेल्या मुलानं आधी फोन फिरवायचे: तू येशील का, तुझा भाऊ येईल का? देवाकडे जायची वाट अशी दहा ओळखीच्या दारांवरून जाते. ज्यानं हा नियम केला त्याला शोक म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. कारण त्या दिवसांत माणसाला सगळ्यांत नकोसं वाटतं ते दुसऱ्याचं दार वाजवणं.

आता दुसरी बाजू. सोबतीला आलेला माणूस कारणं सांगायला लागला की त्याच्या प्रार्थनेचं विष होतं. १५ जानेवारी १९३४ला बिहारात महाभयंकर भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ हादरले. त्यांनी लिहून कळवलं की भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात, आणि ही असली तर्कपद्धती गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभेल. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि शेजारी उत्तरही दिलं, आपलं म्हणणं सोडलं नाही. छापलं, ही त्यांची थोरवी. पण मुद्द्यात रवींद्रनाथ बरोबर होते. सनातनी मंडळींनाही हेच अस्त्र वापरता येत होतं: देवळं हरिजनांना उघडायला निघालात म्हणून भूकंप झाला. त्यांना गांधी काय उत्तर देणार? आणि ढिगाऱ्याखाली पोर गेलेल्या बाईनं दोघांचं काय ऐकायचं?

किल्लारीत तर पाप-पुण्याचा हिशेब मांडायला बसलं की हसू यावं. ज्यांची घरं जाड भिंतींची, म्हणजे जे बरे खाऊनपिऊन होते, ते चिरडले गेले. कुडाच्या, गवताच्या झोपड्यांत राहणारे बरेच वाचले, कारण अंगावर पडायला वर काही जडच नव्हतं. दगडाचं वजन, मातीचा जोड, आडव्या पट्ट्याचा अभाव, या तीन गोष्टींनी त्या रात्रीचा निकाल लावला. म्हणून भिंतीविषयी बोलायचं ते इंजिनिअरनं. उदगीरच्या बुवांनी भिंतीविषयी चकार शब्द काढला नाही, आणि देवाच्या मनात काय होतं याविषयीही नाही. त्यांचं मोठेपण मला त्यात वाटतं.

आणखी एक तऱ्हा अलीकडे बोकाळली आहे. दरड कोसळते, पूल पडतो, रुग्णालयाला आग लागते आणि तासाभरात ज्यांच्या सहीनं ती परवानगी निघाली त्यांचं निवेदन येतं की आमच्या प्रार्थना पीडितांच्या कुटुंबीयांसोबत आहेत. ज्याच्या हातात कुदळ, फाइल आणि अधिकार आहे त्यानं प्रार्थना करू नये. निदान आधी करू नये. आपलं तरी काय वेगळं आहे? मोबाइलवर मेणबत्तीचं चित्र, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, की झाली आपली सोबत. टेम्पोतल्या मंडळींची एक अख्खी रात्र खर्च झाली होती, दिवसभर शेतातली कामं टाकून आले होते. प्रार्थनेची किंमत मला तिथे दिसते, म्हणणाऱ्यानं काय मोजलं त्यात. मागणं देवापर्यंत पोचलं का याचा हिशेब मी ठेवत नाही.

मराठीत देवाशी भांडायची मोठी परंपरा आहे, हेही बरंच झालं. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला, आणि त्यानंतर जे लिहिलं त्यात देवाला धारेवर धरलेले अभंग कितीतरी आहेत. ज्ञानदेवांच्या समाधीचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यांत खुद्द पांडुरंग तिथे येतो आणि त्यालाही गहिवरून येतं. देव न्यायाधीश म्हणून वर बसलेला नाही, तोही त्या चार लोकांतला एक. कोकणात गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा बोलणारा गावातलाच एकजण असतो. काय घडलं, काय बिघडलं, हे तो रोजच्या भाषेत सांगत जातो आणि मागे उभी माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देव ऐकतो की नाही ते सोडा. चाळीस माणसांनी एकाचं म्हणणं ऐकलं आणि हो म्हटलं, एवढं तर नक्की होतं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते २०२१च्या एप्रिलमध्ये. काका ऑक्सिजनवर होते आणि काकूंनी देव पाण्यात घातले होते. तांब्याच्या तपेलीत अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक. माणूस घरी येईपर्यंत देवांना बाहेर काढायचं नाही, हा या व्रताचा दम. एकप्रकारे ओलीसच. काका गेले. रुग्णालयातून प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं शरीर थेट स्मशानात गेलं, दोघांनाच परवानगी होती. घर सुतकात आणि वर विलगीकरणात, म्हणजे दारात चपला काढून बसणारे चार लोकही नाहीत. आणि देव पाण्यातच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातूनच विचारलं, ‘‘वहिनी, मी मास्क लावून येते, देव काढून ठेवू का?’’ काकू म्हणाल्या, ‘‘राहू देत. बुडू देत तिथेच.’’

त्या बाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी सोसायटीतल्या आणि माहेरच्या बायकांचा एक गट केला आणि रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर काकांच्या नावानं हरिपाठ सुरू केला. मला तो प्रकार केविलवाणा वाटत होता. एकीचा आवाज पुढे, दुसरीचा मागे, कुणाच्या मागे टीव्हीवर आकडे ओरडतायत, कुणाचा कॅमेरा छताकडे. ‘‘पाटीलबाई, तुम्ही म्यूटवर आहात,’’ हे वाक्य पाठाचाच भाग झालं होतं. काकू कॉलला असत, पण कॅमेरा बंद, आवाज बंद. फोन टेबलावर पालथा ठेवून त्या बाल्कनीत जाऊन बसत. आम्हाला वाटे, नको असताना सहन करतायत. मग चुलतभावानं एक गोष्ट टिपली. ज्या बाईंना स्वतःच्या औषधांची, जेवणाची शुद्ध नव्हती, त्या दुपारी चारलाच फोन चार्जिंगला लावून ठेवत होत्या.

विलगीकरण संपल्यावर खालच्या बाई एका सकाळी न विचारता वर आल्या. पाणी गढूळलं होतं, पितळेवर हिरवट थर चढला होता. त्यांनी तपेली ओट्यावर आणली, चिंच लावून देव घासले, पुसले, देव्हाऱ्यात ठेवले आणि दिवा लावून निघून गेल्या. काकू दाराशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, अडवलंही नाही. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी स्वतः पूजा केली नाही. खालच्या बाईच येऊन करत.

तो गट अजून चालू आहे. कुणाच्या घरी काही घडलं की त्या नावानं दहा-बारा दिवस पाठ होतो. सुरुवातीला नाव घ्यायचं, पूर्ण नाव नको, घरातलं, अशी काकूंची सूचना आहे. हो, आता तो काकूच चालवतात आणि फार कडक चालवतात. एकेका चरणाला पुरेसा वेळ दिला नाही तर मध्येच थांबवून पुन्हा म्हणायला लावतात. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी त्या बाईंना सगळ्यांदेखत झापलं. त्या बाईंनी रुसून गट सोडला. आज दुपारपासून त्यांना परत आणण्यासाठी फोनाफोनी चालू आहे, कारण त्यांच्याच वहिनीच्या भावाच्या नावानं पाठ सुरू आहे आणि त्याचं घरातलं नाव त्यांनाच माहीत आहे.